पोत्यासाठी धक्का, माणसासाठी पायरी

बेळगाव शहर मागे टाकून मार्कंडेय नदीच्या रोखाने निघाले की दोन कंग्राळी लागतात. एक खुर्द, दुसरी बुद्रुक. शहराची वस्ती आता या गावांना येऊन भिडली आहे. तरीही दारातले गोठे आणि वेशीबाहेरची शेते अद्याप गावपण सांभाळून आहेत. गोमंतकातील आमच्या वाचकांना ही गावे नावाने अपरिचित असतील, पण चवीने खचितच नाहीत. म्हापशाच्या वा मडगावच्या बाजारात सकाळी जी हिरवी मिरची, जो कोबी, जी कोथिंबीर आपण पिशवीत टाकतो, ती बहुधा बेळगाव तालुक्यातल्याच शिवारातून चोर्ला घाट उतरून आलेली असते. कंग्राळीच्या वाटेवरच कृषी उत्पन्न बाजारसमितीचे आवार आहे.

कोणत्याही बाजारसमितीच्या आवारात गेल्यास एक गोष्ट सहज नजरेस पडते. गाळ्यांसमोरचा आणि गोदामांसमोरचा कट्टा जमिनीलगत नसतो, तर मालमोटारीच्या तळाच्या उंचीचा असतो. हमाल त्याला धक्का म्हणतात. मोटार मागे घेऊन धक्क्याला लावली की बटाट्याचे पोते वर उचलावे लागत नाही, ते सपाटीने ओढून आत घेता येते. हमालाची पाठ वाचावी, माल फुटू नये आणि वेळ मोडू नये म्हणून कोणा शहाण्या माणसाने ही युक्ती केव्हाच काढून ठेवली. कोणा अर्थशास्त्रज्ञाने तिचा खर्च परवडतो की नाही याचा काथ्याकूट केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

याच रस्त्यावर एका सकाळी आम्ही जे पाहिले, ते सांगण्यासाठी हा प्रपंच. एक प्रौढ बाई आपल्या विशीतल्या मुलाला चाकाच्या खुर्चीत बसवून कडेला उभी होती. रुग्णालयात जायचे होते. शहराकडे निघालेला टेम्पो आला. ‘वडाप’ हा शब्द निपाणी-कोल्हापूरकडे रूढ आहे. इकडे माणसे नुसते टेम्पो म्हणतात. चालकाने वेग कमी केला, खुर्ची पाहिली आणि तो थांबता थांबता पुढे गेला. दुसरा थांबला. म्हणाला, “मावशी, खुर्ची आत बसत न्हाई. घ्यायची तर दोन शिटांचं भाडं पडंल.” बाईने मान हलवली. आत बसलेल्यांतला एकजण घड्याळाकडे पाहून पुटपुटला आणि टेम्पो निघाला. तिसरा चालक मात्र खाली उतरला. त्याने आणि एका उतारूने त्या तरुणाला काखेत व गुडघ्याखाली हात घालून उचलले आणि आत ठेवले. खुर्ची दुमडून टपावर दोरीने बांधली. भाडे एकाचेच घेतले. हे सर्व चालले असता त्या तरुणाने मान खाली घातली होती, ती टेम्पो निघेपर्यंत वर केली नाही.

तिसऱ्या चालकाची थोरवी गावी आणि पहिल्या दोघांना दूषणे द्यावीत, असा मोह आम्हांसही झाला. परंतु थोडा विचार करता ध्यानात येते, की या तिघांची सांपत्तिक स्थिती एकच आहे. गाडी कर्जावर घेतलेली, हप्ता महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, दिवसाकाठी होणाऱ्या फेऱ्यांवर पोट. पाच मिनिटे थांबले तर मागचा टेम्पो पुढे जाऊन थांब्यावरची गिऱ्हाइके उचलतो. खुर्ची आत घेतली तर दोन जागा जातात आणि त्यांची भरपाई कोणी करीत नाही. तिसऱ्या चालकाने जे केले ते पदरमोड करून केले. अशा माणसांमुळे समाज तगून राहतो हे खरे, पण पदरमोडीवर वाहतुकीची व्यवस्था चालवता येत नाही. तो तरुण रोज त्याच चालकाच्या वाटेकडे डोळे लावून बसू शकत नाही. शिवाय सज्जनपणाने का होईना, त्याला शेवटी उचलले ते पोते उचलावे तसेच. किंबहुना पोत्याला धक्का मिळतो, त्याला तोही मिळाला नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? कायदा बोलतो पुष्कळ. अपंग व्यक्तींसाठी समान संधीचा पहिला केंद्रीय अधिनियम १९९५ साली झाला. त्यात वाहतुकीबद्दल जे कलम होते, त्याला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी शेपटी जोडलेली होती आणि त्या शेपटीला धरूनच सरकारांनी दोन दशके काढली. त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. मधल्या काळात ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. आम्हांस नव्या शब्दाशी भांडण नाही. बसची पायरी मात्र नाव बदलल्याने खाली आलेली नाही, एवढेच नमूद करतो.

नव्या अधिनियमाचे ४१ वे कलम सांगते, की सर्व प्रकारची वाहतूक अपंगांना वापरता येईल अशी व्यवस्था शासनाने करावी. जुनी वाहने जेथे तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि परवडण्याजोगे असेल तेथे सुधारून घ्यावीत, रस्तेही तसे करावेत. ४६ वे कलम त्याहून थेट आहे. सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा त्या नियमांप्रमाणे सुगम केली पाहिजे. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मुदत २०१९ च्या जूनमध्येच उलटली. अधिनियमाचा भंग केल्यास पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक खेपेस पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड लिहून ठेवला आहे. कंग्राळीचा टेम्पोवाला ‘खासगी सेवा देणारा’ आहे यात संशय नाही. मग त्याने काय करावे, असे नियमात शोधावयास जावे, तर नियम बोट दाखवतो बसबांधणीच्या संहितेकडे. आणि ती संहिता रचलेली आहे चालक सोडून तेरा किंवा अधिक उतारू बसतील अशा वाहनांसाठी. तीनचाकी आणि लहान चारचाकी टेम्पो तिच्या खिजगणतीत नाहीत. म्हणजे कर्तव्य सर्वांचे, पण त्याचे माप फक्त मोठ्या गाड्यांचे. शिंप्याने अंगरखा शिवायचे कबूल करावे आणि माप घ्यायची फीत मात्र फक्त थोरल्या भावासाठी आणावी, असा हा प्रकार आहे.

मोठ्या गाड्यांसाठी तरी काही झाले का? झाले, असे म्हणावे लागेल. २०१९ च्या डिसेंबरात केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसने, कुबड्या व काठ्या अडकवण्याची सोय, धरावयाचे दांडे, आणि चाकाची खुर्ची आत घेण्याची व जागेवर जखडण्याची व्यवस्था असावी आणि वाहनयोग्यतेच्या तपासणीत ती पाहिली जावी, असे ठरले. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियानाचा शुभारंभ झाला होता. सरकारी मालकीच्या वाहनांपैकी पंचवीस टक्के वाहने पूर्णतः सुगम करण्याचे लक्ष्य त्यात होते. पंचवीस टक्के म्हणजे चार बसपैकी एक. खुर्चीतल्या माणसाने तीन बस सोडून द्याव्यात असे लक्ष्य ठेवणाऱ्यांनी स्वतः कधी रांगेत उभे राहून पाहिले असावे, असे वाटत नाही.

या सगळ्यात न्यायालयाला पडावे लागले. दृष्टिहीन असलेले राजीव रतुरी यांनी २००५ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निरनिराळी कामे मुदतीत पुरी करण्याचे आदेश दिले. ते पुरे झाले नाहीत. अखेरीस ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने नेमके दुखण्यावर बोट ठेवले. अधिनियमाने जे बंधनकारक केले, ते नियमांनी केवळ शिफारशीच्या पातळीवर आणून ठेवले आहे, म्हणून २०१७ च्या नियमांतील १५ व्या नियमाचा पहिला पोटनियम अधिनियमाशी विसंगत ठरतो, असा तो निर्णय होता. किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत तयार करण्याचे फर्मान केंद्र सरकारला निघाले. ती मुदत २०२५ च्या फेब्रुवारीत भरली. हा निर्णय आम्ही फार मोलाचा मानतो. कारण ‘केले तर उत्तम’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतील अंतर त्याने मिटवले. परंतु ‘केलेच पाहिजे’ हे कोणी, कशाने आणि कोणाच्या पैशाने करायचे, हा प्रश्न लहान वाहनांच्या बाबतीत त्यानंतरच सुरू होतो.

येथे एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. समजा, त्या तिसऱ्या चालकाने मनावर घेतले आणि टेम्पोचा मागचा भाग कापून, तळ थोडा खाली घेऊन, बिजागरीची लोखंडी फळी बसवली. बेळगावात हे काम करणारे कारागीर शोधायला लागत नाहीत. उद्यमबागेतले ओतकाम आणि हायड्रॉलिक पंप देशभर जातात. खुर्ची वर उचलणारा पाळणा ज्या पंपावर चालतो, तो या गावाला नवा नाही. परंतु फळी बसवून गाडी रस्त्यावर आणताच मालक मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमात सापडतो. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत फेरफार करण्यास ते कलम मनाई करते. अपंगांसाठी वाहन बदलून घेण्याची जी सवलत तेथे आहे, ती केवळ त्या व्यक्तीने वा तिच्यासाठीच वापरावयाच्या वाहनापुरती. दहा उतारूंबरोबर एक खुर्ची नेणारे भाड्याचे वाहन तिच्यात बसत नाही. एक अधिनियम म्हणतो गाडी बदल, दुसरा म्हणतो बदललीस तर खबरदार. गरीब माणसाने दोहोंपैकी कोणत्या कायद्याचा मान राखावा?

आणि उतारू नाकारल्याची शिक्षा काय? कंत्राटी परवान्याच्या वाहनाने उतारूला नेण्याचे नाकारल्यास मोटार वाहन अधिनियमात दंड आहे. दुचाकी-तीनचाकीच्या बाबतीत तो पन्नास रुपयांपर्यंत! २०१९ साली सगळे दंड वाढवण्यात आले, तेव्हा इतर वाहनांसाठीचा दोनशेचा पाचशे झाला. रिक्षाचे पन्नास तसेच राहिले. हा सगळा कागदाचा खेळ झाला; कारण खुर्चीतल्या माणसाने निघून गेलेल्या रिक्षाचा क्रमांक टिपावा, ठाण्यात जावे आणि फिर्याद द्यावी, तर ठाण्यात जायला त्याला आधी रिक्षाच लागते.

विमानातल्या उतारूचे दैव थोडे बरे. जावेद अबिदी यांच्या याचिकेवर १९९८ साली विमानतळांवर चाकाच्या खुर्च्यांची आणि विमानात चढण्याच्या सोयीची चर्चा सर्वोच्च न्यायालयात झाली. जीजा घोष यांना २०१२ साली एका खासगी विमान कंपनीने विमानातून उतरवले, तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. योग्यच झाले. पण विमानातून उतरवले तर दिल्लीपर्यंत दाद, आणि कंग्राळीच्या टेम्पोने चढवूनच घेतले नाही तर देवाचा धावा, ही प्रतवारी आम्हांस मान्य नाही. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले. त्यांतील चोपन्न लाखांहून अधिक हालचालीच्या व्यंगाचे. यांतले किती विमानाने जात असतील आणि किती टेम्पोच्या वाटेकडे पाहत असतील, हे सांगायला गणित लागत नाही.

परदेशांत लहान वाहतूकदाराचा प्रश्न कसा सोडवला, हे पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या बससाठी २००० सालचे नियम आहेत, पण ते बावीसहून अधिक उतारूंच्या वाहनांना लागू. टॅक्सीवाल्याला वेगळा न्याय लावला. त्याच्या गाडीत खुर्ची मावत असेल तर त्याने ती घेतलीच पाहिजे, आणि २०२२ च्या नव्या कायद्याने तर कोणत्याही टॅक्सीचालकाने अपंग उतारूला नाकारता कामा नये, शक्य ती मदत केली पाहिजे आणि त्यासाठी एक पैसाही जादा घेता कामा नये. मोडल्यास हजार पौंडांपर्यंत दंड. ज्या चालकाची स्वतःचीच पाठ अधू आहे, त्याला वैद्यकीय दाखल्यावर सूट मिळते. ही बारीक माणुसकी आम्हांस विशेष भावली. अमेरिकेत १९७८ च्या जुलैमध्ये डेन्व्हर शहरात एकोणीस अपंग स्त्रीपुरुषांनी भर चौकात बसगाड्यांपुढे ठाण मांडून त्या अडवून धरल्या. आपल्या भाषेत याला सत्याग्रह म्हणतात. बारा वर्षांनी, १९९० साली, तेथे अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. त्यातही टॅक्सीवाल्याला महागडी गाडी घेण्याची सक्ती नाही. पण दुमडलेली खुर्ची गाडीत ठेवण्याचे वेगळे पैसे त्याला घेता येत नाहीत. लहान व्यावसायिकाने सुगमतेसाठी खर्च केला तर त्यातला निम्मा, एका मर्यादेपर्यंत, आयकरातून वजा होतो.

या दोन्ही उदाहरणांतील सूत्र एकच आहे आणि तेच आमचेही म्हणणे आहे. वागणुकीचे कर्तव्य आणि खर्चाचे कर्तव्य यांची गल्लत होता कामा नये. थांबणे, नाकारू नये, दुप्पट भाडे मागू नये, खुर्ची नीट बांधावी, उचलण्यापूर्वी त्या माणसाला ‘कसे धरू?’ म्हणून विचारावे. यांपैकी एकाही गोष्टीला भांडवल लागत नाही. ही कर्तव्ये लहानातल्या लहान चालकावर आजपासून घातली तरी त्याच्यावर अन्याय होणार नाही. परवान्याच्या अटींत दोन ओळी वाढवल्या की काम झाले. उलट फळी, पाळणा, खाली घेतलेला तळ यांचा भार एका गाडीच्या मालकावर टाकणे म्हणजे कायदा न पाळण्याची त्याला सबब पुरवणे होय. तो भार गाडी बनवणाऱ्या कारखान्याने आणि सरकारी तिजोरीने वाहिला पाहिजे.

तिजोरी रिती आहे, असे कोणी सांगू नये. कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून विनामूल्य प्रवास दिला. त्या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. शेतमजूर बाईला तिने शहराची वाट मोकळी केली. पण त्यावरून एवढे सिद्ध झाले, की मनात आले तर राज्य भाड्याचा भार उचलू शकते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कंग्राळीच्या मुलीलाही त्या बसचे तिकीट शून्य रुपयांचे आहे. पायरी मात्र पूर्वीइतकीच उंच आहे.

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे वळतो. सुगमतेचा अर्धा भाग गाडीत असतो आणि उरलेला अर्धा रस्त्यावर. आणि या दुसऱ्या अर्ध्याबद्दल कोणी बोलतच नाही. शहरी बसच्या विनिर्देशांत तळाच्या तीन उंच्या सांगतात: ४०० मिलिमीटर, ६५० आणि ९००. इमारतीच्या उताराला आपल्याकडे एकास बारा हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने जमिनीपासून ९०० मिलिमीटरच्या तळापर्यंत पोहोचायला जवळजवळ अकरा मीटर लांब फळी लागेल. बसपेक्षा फार आखूड नाही ती! ६५० ला पावणेआठ मीटर. म्हणून लोक हात टेकतात. पण थांब्यावरचा कट्टाच जर ६५० मिलिमीटर उंच केला आणि त्याच्या एका अंगाला सावकाश उतार ठेवला, तर गाडी आणि कट्टा यांमध्ये उरते ती वीतभर फट. तिच्यावर टाकायला एक हलकी फळी पुरे, आणि ती गाडीला जोडायचीही गरज नाही. थांब्यावर साखळीने बांधून ठेवता येते. ५२ वे कलम आड येत नाही, चालकाचा खर्च होत नाही, खुर्ची उचलावी लागत नाही. पावणेआठ मीटरचा उतार गाडीत मावत नाही; थांब्यामागच्या जागेत तो सहज मावतो. बाजारसमितीला जे पोत्यासाठी सुचले, तेच ग्रामपंचायतीला माणसासाठी सुचायचे आहे.

गोमंतकीयांना तर याचे नवल वाटू नये. आपल्या फेरीबोटीचे पुढचे झडप धक्क्याच्या उतारावर टेकते आणि चाक असलेली प्रत्येक वस्तू सरळ आत जाते. मोटार, सायकल, मासळीची गाडी, आणि चाकाची खुर्चीही. फेरीबोट काही अपंगांसाठी बांधलेली नव्हे. धक्का आणि बोट एकमेकांसाठी घडवले गेले, म्हणून ती आपोआप सर्वांची झाली. धक्का सोडून माणूस खासगी मिनीबसच्या दाराशी आला की हाच गोवा कंग्राळी होतो. पणजीत जानेवारी २०२३ पासून अपंगांचा ‘पर्पल’ महोत्सव भरू लागला, देशोदेशींचे पाहुणे आले, आणि आम्हांस त्याचा अभिमान आहे. त्या महोत्सवाला डिचोलीहून नेहमीच्या बसने खुर्चीसकट कोण येऊ शकले असते, हा प्रश्न आम्ही यजमान म्हणून स्वतःलाच विचारतो.

वाहन माणसाच्या देहाप्रमाणे बदलता येते, याची उदाहरणे मराठी मुलखात आहेत. पाठीच्या व्याधीमुळे बाबा आमटे यांना बसता येत नसे. १९८५ च्या भारत जोडो यात्रेत वाहनात बिछाना घालून, त्यावर पडून त्यांनी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत देश पालथा घातला. आणि कंग्राळीहून निपाणी ओलांडून महामार्गाने दोनएक तासांवर जे कोल्हापूर, तेथे नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या बाईंनी आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव दिले. शेकडो मुलामुलींना त्यांनी शाळेपर्यंत, रोजगारापर्यंत नेले. सीमाभागातल्या घरांतून हे नाव आदराने घेतले जाते. परंतु संस्था मुलाला शिकवून घरी धाडते तेव्हा तो उतरतो आपल्या गावच्या थांब्यावर, आणि तेथून पुढे त्याचे शिक्षण टेम्पोच्या पायरीशी अडते.

सीमाभागाचा उल्लेख आलाच आहे, तर एक कटू गोष्ट बोलून टाकतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ठराव करून ८६५ गावांवरचा हक्क पुन्हा सांगितला. कर्नाटक त्यांतले एकही गाव सोडायला तयार नाही. मराठी भाषकांच्या न्याय्य मागणीबद्दल या पत्राची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. ती बदललेली नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये, आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये, वाद पेटून दोन राज्यांमधली बससेवा खंडित झाली, तेव्हा धडधाकट माणसे वडाप धरून, दुचाकीवर बसून, प्रसंगी चालत पलीकडे गेली. खुर्चीतला माणूस घरी राहिला. दोन्ही राज्ये गावांवर हक्क सांगतात; त्या गावांतील या माणसाला ‘हा आमचा’ म्हणून अद्याप कोणी मागितलेला नाही. शासकीय सूचना केवळ कन्नडमध्ये लागल्या, तर सवलतीचा पास कसा काढावा आणि तक्रार कोणाकडे द्यावी, हेही कंग्राळीतल्या म्हाताऱ्या आईला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. हक्काची माहिती ज्याच्या त्याच्या भाषेत असणे ही सुगमतेचीच पहिली फळी आहे, असे आम्ही समजतो. तिला सिमेंटही लागत नाही.

बेळगावची निवड २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत झाली. शहरात नवे थांबे उभे राहिले. आमची सूचना अगदी लहान आहे. कंग्राळी खुर्दचा एक थांबा, बुद्रुकचा एक, बाजारसमितीच्या दाराशी एक, आणि जिल्हा रुग्णालयापाशी एक, असे चार कट्टे टेम्पोच्या तळाच्या उंचीचे बांधावेत. या मार्गावर चालणाऱ्या टेम्पोंना तेथेच उतारू घेण्याची अट घालावी. खुर्ची नेणाऱ्या फेरीमागे चालकाच्या बुडालेल्या जागेची भरपाई परवाना-शुल्कातून वा पथकरातून वळती करून द्यावी. नव्या परवान्यांपैकी काही परवाने कारखान्यातूनच फळी बसवून आलेल्या गाड्यांसाठी राखावेत आणि त्यांच्या कर्जाचे व्याज सरकारने भरावे. अधिनियमाच्या ४१ व्या कलमातच वाहनांच्या सुधारणेसाठी योजना आणि सवलती यांची तरतूद आहे. नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही. वर्षभर हे चार कट्टे चालवून पाहावेत. लाभ होईल तो खुर्चीतल्यांनाच होईल असे नव्हे. गुडघे दुखणाऱ्या आजीला, पोटुशी बाईला, आणि डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चढणाऱ्या शेतकरणीलाही तो होईल.

त्या सकाळी टेम्पो निघण्यापूर्वी आम्ही तिसऱ्या चालकाशी दोन शब्द बोललो होतो. टपावरची दोरी आवळता आवळता त्याने विचारले, “साहेब, मागं एक फळी लावून घेतली तर आरटीओ धरणार न्हाई न्हवं?” आम्हांस उत्तर देता आले नाही. बेळगावच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने ते लेखी द्यावे; मराठीत आणि कन्नडमध्ये, आम्ही ते याच जागी जसेच्या तसे छापू.